उतारवयांतील छंद आणि आमचें पाटण

शाळेंतून निवृत्त होऊन आम्हांस सहा वर्षें झालीं. या काळांत घरच्या मंडळींनीं आमच्यासाठीं नाना उद्योग सुचविले; परंतु ज्यांत आम्ही खरोखर रमलों, तो उद्योग कोणींच सुचविलेला नव्हता. पुण्यास नोकरीस असणाऱ्या आमच्या पुतण्यानें नवा कॅमेरा घेतला, आणि गणपतीला घरीं आला तेव्हां जुना आमच्यापुढें ठेवून म्हणाला, "काका, हा कपाटांत पडून राहण्यापेक्षां तुम्हीच वापरा." "या वयांत हें काय?" असें आम्ही तोंडानें म्हणालों खरे, पण हात केव्हांच पुढें झाला होता.

छायाचित्रणाचा आम्हांस अगदींच गंध नव्हता असें नाहीं. तरुणपणीं पहिल्या पगारांतून आम्हीं आग्फा क्लिक थ्री नांवाचा कॅमेरा घेतला होता. 120 क्रमांकाच्या एका फिल्मवर त्यांत बारा चौकोनी चित्रें निघत. ऊन आहे कीं ढग आहेत एवढें ठरवून खटका दाबावयाचा. बाकीचें काम स्टुडिओवाल्याचें. एक फिल्म आम्हांस वर्षभर पुरे. या नव्या यंत्रांत फिल्म नाहीं, धुलाईचा खर्च नाहीं, आणि चित्र बिघडलें तर पुसून टाकतां येतें. त्यामुळें पहिल्याच आठवड्यांत आम्हीं चारशें चित्रें काढलीं, व त्यांतील एकही ठेवण्याजोगें निघालें नाहीं. मग मात्र पोरखेळ पुरे असें ठरवून आम्ही रीतसर शिकावयास बसलों.

अडतीस वर्षें पोरांना गणित आणि संस्कृत शिकविलेल्या माणसाला या विद्येंत सर्वांत गोड लागलें तें तिचें गणित. भिंगांतील छिद्राला 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 असे आंकडे असतात. आंकडा वाढला कीं छिद्र लहान होतें, ही पहिली गंमत. आणि प्रत्येक आंकडा मागच्याच्या सुमारें 1.4 पट कां, ही दुसरी. 1.4 म्हणजे दोहोंचें वर्गमूळ. व्यास तितक्या प्रमाणांत घटला कीं क्षेत्रफळ निम्में होतें. म्हणून दर पायरीस उजेड निम्मा. शटर उघडें राहण्याचा काळ 1/60, 1/125, 1/250 सेकंद असा, तोही निम्म्यानिम्म्यानें उतरतो. छिद्र एक पायरी लहान केलें तर काळ एक पायरी वाढवावा, म्हणजे उजेड तोच. भास्कराचार्यांनीं 'लीलावती'त सांगितलेलें व्यस्त त्रैराशिक येथें असें उभें राहिलेलें पाहून आम्हांस जुना विद्यार्थी भेटल्यासारखा आनंद झाला. परंतु उजेड तोच राहिला तरी चित्र तेंच राहत नाहीं, ही गोष्ट पुस्तकानें शिकविली नाहीं; ती गांवानें शिकविली.

आमचें पाटण पुष्कळ वाचकांनीं एस. टी.च्या खिडकींतून पाहिलें असेल. कऱ्हाडहून चिपळुणास निघालें म्हणजे कुंभार्ली घाट लागण्यापूर्वीं तें भेटतें. गुजराथेंतील राणीच्या विहिरीमुळें प्रसिद्ध असलेलें पाटण तें निराळें. आमचें पाटण सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठिकाण. महाबळेश्वरीं उगम पावलेली कोयना सह्याद्रीला बिलगून दक्षिणेस येते, हेळवाकापाशीं पूर्वेस वळते, आणि आमच्या गांवीं केरा नदीला पोटांत घेऊन कऱ्हाडास कृष्णेला भेटावयास जाते. चोहोंकडे डोंगर. त्यांच्या पठारांवर अलीकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. या गांवांत आमचा जन्म गेला. परंतु कोणत्या भिंतीवर किती वाजतां ऊन येतें, हें आम्हांस साठी उलटल्यावर कॅमेऱ्यामुळें कळलें.

पहिला धडा घरच्याच भिंतीनें दिला. आमच्या सोप्याच्या पूर्वेकडील भिंतीचें चित्र आम्हीं भर दुपारीं काढलें, तेव्हां ती कागदासारखी सपाट दिसली. पुढें एके दिवशीं सकाळीं सातच्या सुमारास ऊन भिंतीला चाटून जात असतांना पुन्हां काढलें, आणि चित्रांत जोत्यापासून आढ्यापर्यंत गेलेली एक वांकडी रेघ स्पष्ट उमटली. ती भूकंपाची भेग होती. गिलावा करून बुजविलेली, दोन पिढ्यांनीं रंग देऊन झांकलेली. पण तिरप्या उजेडापुढें तिला लपतां आलें नाहीं.

11 डिसेंबर 1967 रोजीं पहांटे सव्वाचारानंतर कोयनेचा भूकंप झाला. त्यांत सुमारें 180 माणसें दगावलीं. कोयनानगर येथून वीस किलोमीटरांच्या आसपास; तेव्हां पाटण तालुक्याला बसलेल्या धक्क्याची कल्पना वाचकांनीं करावी. आम्ही त्या वेळीं सात वर्षांचे होतों. आईनें आम्हांस पांघरुणासकट उचलून अंगणांत आणलें, एवढें आठवतें. तिचा धापा टाकणारा श्वास आठवतो, लुगड्याला येणारा चुलीच्या धुराचा वास आठवतो. अंधार असल्यामुळें तिचा चेहरा मात्र दिसला नव्हता.

दुसरा धडा दातेगडावर मिळाला. पाटणच्या डोक्यावरच असलेल्या या किल्ल्याला सुंदरगड असेंही नांव आहे. टोळेवाडीपर्यंत वाहनानें जाऊन पुढें पायीं चढावें. दरवाजापाशीं कातळांत कोरलेले गणपति आणि मारुति आहेत. परंतु गडाचें खरें वैभव म्हणजे कातळ फोडून केलेली तलवारीच्या आकाराची विहीर. पायऱ्या उतरूं लागलें कीं अंगावर गारवा येतो, आणि वर आकाशाची लांबट चीर तेवढी राहते. येथें यंत्राची मोठी पंचाईत होते. आकाश नीट यावें तर तळ काळाकुट्ट. पायऱ्या याव्या तर आकाश पांढरेंफटक. यावर उपाय असा, कीं ट्रायपॉड, म्हणजे तिपाई, रोंवून कॅमेरा तसूभरही न हलवितां तीन चित्रें घ्यावीं: एक आकाशासाठीं, एक पायऱ्यांसाठीं, एक तळासाठीं, व मागाहून संगणकावर तीं एकत्र करावीं. मनुष्याचा डोळा जें सहज सांभाळून घेतो, तें या महागड्या यंत्राला तीन हप्त्यांनीं करावें लागतें, हें पाहून परमेश्वराच्या कारागिरीबद्दल आमचा आदर दुणावला.

श्रावणांत सडावाघापूरच्या पठारावर गेलों, तेथें याच्या उलट प्रकार. तेथील ओढा कड्यावरून खालीं पडूं पाहतो, आणि दरींतून चढणारा वारा त्याला वरच्या वर उधळून पठारावर परत फेंकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. तेथें 1/1000 सेकंदाचें शटर लावलें, तर प्रत्येक थेंब मोत्यासारखा हवेंत थांबलेला मिळाला. आम्ही नखशिखांत भिजलों, कॅमेरा मात्र प्लॅस्टिकच्या पिशवींत सुरक्षित होता. घरीं आल्यावर या व्यवस्थेबद्दल सौभाग्यवतींनीं आमची बरीच कानउघाडणी केली.

आतां ज्या धड्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतों.

कार्तिकांतील गोष्ट. सूर्योदयापूर्वीं अर्धा तास आम्ही संगमावर गेलों. पाण्यावर धुकें होतें. वाहतें पाणी संथ दुधासारखें दिसावें म्हणून शटर बराच वेळ उघडें ठेवावें, असें वाचलें होतें. तिपाई रोंवली, छिद्र 16 वर नेलें, आणि 15 सेकंदांचा काळ योजिला. खटका दाबला इतक्यांत एक गुराखी चार म्हशी घेऊन पाण्यांत उतरला व समोरून पलीकडे जाऊं लागला. चित्र बिघडलें असें वाटून आम्ही चडफडलों. परंतु पडद्यावर पाहतों तों गुराखी नाहीं, म्हशी नाहींत! पाणी धुरासारखें झालेलें, दगड अगदीं रेखीव, आणि जेथून तें खिल्लार गेलें तेथें एक पुसट सांवळी झांक. त्याच वेळीं पायरीवर तंबाखू मळीत बसलेला एक म्हातारा मात्र मिशांसकट उमटला होता.

पुढें वाचतांना कळलें, कीं या विद्येच्या जन्मकाळींही असेंच घडलें होतें. फ्रान्समधील दागेर यानें 1838 च्या सुमारास पॅरिसमधील एका रस्त्याचें चित्र खिडकींतून घेतलें. रस्ता गजबजलेला, पण चित्राला कित्येक मिनिटें लागत असल्यानें गाड्या, घोडे, माणसें सर्व नाहींशीं झालीं, आणि जोडे पुसून घेण्यासाठीं एका जागीं उभा असलेला एकच मनुष्य उरला. जो थांबला तो राहिला. जो चालत होता तो गेला.

हें वाचलें आणि आम्ही पुस्तक मिटून माजघरांत गेलों. तेथें भिंतीवर आमच्या मुंजीच्या दिवशींचें समूहचित्र आहे. भूकंपानंतरच्या वर्षीं, म्हणजे 1968 सालीं, अर्धवट दुरुस्त झालेल्या घरापुढें मांडव घालून मुंज झाली. फोटोग्राफरनें काळ्या कापडाखालीं डोकें घातलें, "हलूं नका" म्हणून सांगितलें, आणि भिंगावरची टोपी काढून आंकडे मोजले. आजोबा, वडील, काका खुर्च्यांवर पुतळ्यासारखे बसले होते. त्यांच्या मिशांचा केसन्‌केस चित्रांत आहे. आई स्वयंपाकघरांतून हांक मारून बोलावल्यावर ओल्या हातांनीं येऊन मागच्या रांगेंत टोंकाला उभी राहिली. आंकडे चालू असतांनाच घरांत कोणाचें तरी तान्हें मूल रडलें, आणि तिनें मान वळविली. तिचें लुगडें चित्रांत आहे, खांदा आहे. चेहऱ्याच्या जागीं एक पांढुरकी पुसट झांक आहे. तिचें दुसरें चित्र नाहीं. पहिल्या पगाराचा तो कॅमेरा आमच्या हातीं आला, तेव्हां आईला जाऊन वर्ष झालें होतें.

इतकीं वर्षें आम्ही मनांतल्या मनांत कधीं त्या फोटोग्राफरला बोल लावीत आलों, तर कधीं आईवरही रागावलों: दोन क्षण ती स्वस्थ उभी राहिली असती तर काय बिघडलें असतें? संगमावरच्या त्या म्हशींनीं आमचा हा राग घालविला. दोष कोणाचाच नव्हता. उजेड थोडा आणि यंत्र मंद. आणि मंद यंत्रापुढें बसून राहणारे उमटतात, कामाचीं माणसें पुसलीं जातात. वाचकहो, आपापल्या घरच्या जुन्या समूहचित्रांपुढें एकदां उभे राहून पाहा. ज्यांच्या कष्टांवर तीं घरें चाललीं, त्या बायका त्यांत कितीशा आहेत?

आमच्या वहिनी मुंजीच्या पुढच्याच वर्षीं या घरांत आल्या. आतां त्यांचें वय शाहत्तर. तरी सकाळची पोळी अजून त्यांचीच. त्यांचें चित्र काढावें असें ठरवून आम्ही एके दिवशीं स्वयंपाकघराच्या दाराशीं उभे राहिलों.

"भाऊजी, येथें कसला फोटो? थांबा, लुगडें तरी बदलून येतें."

"नको वहिनी. तुम्ही आपलें काम चालूं द्या. हलूं नका म्हणण्याचे दिवस आतां गेले."

आतां त्यांनीं थांबावयाचें नव्हतें, यंत्रानें त्वरा करावयाची होती. छिद्र 2.8 वर उघडलें, काळ 1/125 सेकंद ठेविला, आणि आय. एस. ओ., म्हणजे यंत्राची उजेड टिपण्याची शक्ति, 3200 पर्यंत चढविली. इतकी चढविली कीं चित्रांत थोडे रवाळ ठिपके येतात. ते येऊं दिले. खिडकींतून उजेड पोळपाटावर पडत होता. वहिनी प्रथम अवघडल्या, मग आम्हांस विसरल्या, आणि लाटणें फिरूं लागलें. तासाभरांत आम्हीं अकराच चित्रें काढलीं.

पडद्यावर त्यांना तीं दाखविलीं. आपल्या चेहऱ्याकडे त्यांनीं फारसें पाहिलें नाहीं. एका चित्रावर मात्र त्या थबकल्या. त्यांत लाटणें धरलेले दोन हात होते व उजव्या हाताची करंगळी किंचित् वर उचललेली होती. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "हे सासूबाईंचे हात आहेत, भाऊजी. पोळी फिरवितांना त्यांची करंगळी अशीच वर असे. मी आलें तेव्हां मला गोल पोळी येत नव्हती. त्यांच्याकडे पाहून पाहून उचललें तें सारें."

आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. कालिदासाच्या शाकुंतलांत सहाव्या अंकीं दुष्यंत शकुंतलेचें चित्र स्वतः रंगवितो, आणि त्यांत काय काय राहिलें तें एकामागून एक सांगत सुटतो. तो अंक आम्हीं विद्यार्थ्यांना कितीदां समजावून दिला असेल. तो आम्हांस स्वतःला त्या दिवशीं समजला. आमच्याही चित्रांत पुष्कळ राहिलें आहे. चेहरा तर नाहींच. पण दोन हातांची एक लकब एका बाईकडून दुसरीकडे आली आणि पन्नासांहून अधिक वर्षें आमच्या डोळ्यांदेखत या घरांत वावरली, एवढें तरी आतां कागदावर आहे. तें चित्र मोठें छापवून आम्हीं मुंजीच्या समूहचित्राशेजारीं लाविलें आहे.

आतां जवळजवळ प्रत्येक घरांत चित्र घेणारें यंत्र आहे. मुलांच्या खिशांतील फोनही आमच्या जुन्या डब्याहून शतपटींनीं चपळ आहे. तेव्हां गड, धबधबे आणि नद्या यांचीं चित्रें अवश्य काढावीं. आमच्या पाटणास येऊन काढावीं, आम्ही आनंदानें वाट दाखवूं. मात्र निघण्यापूर्वीं एकदां स्वयंपाकघरांत डोकवावें. आणि आंत जी कोणी असेल तिला "हलूं नका" असें म्हणूं नये.