चित्रेखालचा ठिपका

मे महिन्यातली अमावास्येची रात्र असली, तरी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर दुर्बीण लावायची घाई करत नाही. खारा वारा वाहतोय तोवर भिंगावर चिकट थर बसतो. कितीही हलक्या हाताने पुसला तरी ओरखड्याची धास्ती असते. वारा पडला की सुरूच्या बनाकडे पाठ करून, कोरलईच्या दीपगृहाचा झोत उजवीकडे ठेवून बसतो. चित्रा तारका बरोबर दक्षिणेला आली की तिच्याखाली सरळ साडेतीन मुठी मोजायच्या. हात ताणून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश. क्षितिजापासून जेमतेम २४ अंशांवर एक धुरकट ठिपका सापडतो. नजर थोडी बाजूला ठेवली, तर जास्त स्पष्ट दिसतो.

हा ओमेगा सेंटॉरी, नरतुरंग तारकासमूहातला तारकागुच्छ. जुन्या नकाशांत त्याची नोंद तारा म्हणून आहे; हा एकटा तारा नव्हे, हे १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून हॅलीने ओळखलं. आठ इंची दुर्बिणीत तो रवाळ तुपासारखा सुटा होत जातो. १७ हजार प्रकाशवर्षं दूर, सुमारे एक कोटी तारे.

“काका, हे सगळे एकदमच जन्मले?” मुलं हमखास विचारतात. कित्येक वर्षं मी ‘हो’ म्हणत आलो. एक ढग, एक जन्म, सगळे समवयस्क. पुस्तकांत तसंच होतं. २००४ साली हबलच्या छायाचित्रांवरून या गुच्छातल्या ताऱ्यांचे रंग आणि तेज आलेखावर मांडले, तेव्हा जिथे एक रांग हवी तिथे दोन उमटल्या. निळसर रांगेतल्या ताऱ्यांत हेलियम बरंच जास्त असावं, असा अर्थ पुढे लावला गेला. म्हणजे आधीच्या ताऱ्यांनी शिजवलेल्या वायूतून हे नंतर जन्मले असावेत.

मुलांना मी मागच्या वाडीतल्या पोफळी दाखवतो. जुन्या झाडांच्या सावलीत नवी रोपं, आणि गळलेल्या झावळ्या तिथेच कुजून त्यांच्या मुळाशी जातात. सूर्याच्या चारपट ते आठपट वजनाचे तारे म्हातारपणी फुगतात, त्यांच्या अंगावरचा वायू संथपणे सुटतो आणि गुच्छाच्या ओढीत अडकून मधोमध साचतो. याहून जड ताऱ्यांच्या स्फोटातून उडालेला वायू मात्र इतका वेगवान असतो की बहुतेक गुच्छांना तो धरून ठेवता येत नाही. ओमेगा सेंटॉरीत अशा स्फोटांतून येणाऱ्या लोहाचं प्रमाणही ताऱ्यागणिक वेगळं आहे, म्हणजे त्याने तोही राखला असणार. म्हणूनच हा आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेचा गाभा असावा, असं पुष्कळांना वाटतं. मलाही ते पटतं.

पण वाडीचा दाखला एका जागी अडतो, आणि ते मी मुलांपासून लपवत नाही. पुष्कळ गुच्छांत नंतरच्या पिढीचे तारे निम्म्याहून जास्त भरतात. नुसत्या गळलेल्या झावळ्यांवर मूळ वाडीहून मोठी वाडी कशी उभी राहील? जुने तारे पूर्वी कैकपट होते आणि बहुतेक निसटून गेले, असं काही जण म्हणतात. काही जण वायूचा उगमच दुसरीकडे शोधतात. हिशेब अजून जुळलेला नाही.

दुर्बिणीतून पिढ्या वेगळ्या दिसत नाहीत. दिसतो तो रवा. तरी प्रत्येकाला निवांत बघू देतो, डोळा सरावेपर्यंत. एकच्या सुमारास गुच्छ कोरलईकडे कलतो आणि दमट हवेत फिकट होऊ लागतो. त्याआधी रांगेतल्या शेवटच्या मुलाचा डोळा भिंगाला लागायला हवा.