आंदणात दिलेला किल्ला

सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी आणि रणरणतं ऊन. वीकेंडला तिकडे निघालेय म्हटल्यावर मैत्रिणीने फोनवरच विचारलं, ‘कुणाचं लग्न आहे का गं?’ लग्न होतंच, पण साडेचारशे वर्षांपूर्वीचं.

सिद्धेश्वर तलावाच्या काठावर सोलापूरचा भुईकोट उभा आहे. बहमनी काळातला, दुहेरी तटाचा. आत शिरलं की हॉर्नचा आवाज अर्धा होतो. बुरुजाच्या सावलीत स्पर्धा परीक्षावाली मुलं, पलीकडे बाकावर एक जोडपं (अर्थातच!). हा अख्खा किल्ला लग्नात आंदण म्हणून दिला गेला होता, हे त्या दोघांना सांगावंसं फार वाटलं. मोह आवरला.

१५२४ मध्ये आदिलशाही राजकन्या निजामशाहीत दिली गेली, तेव्हा सोबत सोलापूर द्यायचं ठरलं. दिलं मात्र नाही. त्यावरून दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षं लढाया. शेवटी तालिकोटच्या लढाईआधी हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोबत हा किल्लाही. आपण लग्नात फ्रिज देतो, तसं.

१५८० मध्ये अली मारला गेला. मूलबाळ नाही, म्हणून पुतण्या इब्राहिम गादीवर बसला. वय वर्षं नऊ! कारभार काकूकडे. पण किश्वरखान नावाच्या सरदाराने तिची रवानगी थेट साताऱ्याच्या किल्ल्यात केली. ती सुटून परत आली आणि पुढे १५८४ मध्ये माहेरी, अहमदनगरला गेली.

खरी मजा तिथे आहे. १५९५ मध्ये नगरचा सुलतान विजापूरच्या फौजेशी लढताना पडला, आणि एका गादीला चार राजे उगवले. मियाँ मंजूने अहमद नावाचा मुलगा बसवला. दुसऱ्या सरदाराने बाजारातून मोती नावाचं पोर आणलं, असं फेरिश्ता लिहितो. तिसऱ्याचा उमेदवार सत्तरीचा म्हातारा. आणि ज्याचा हक्क होता तो मेलेल्या सुलतानाचा लहानगा मुलगा बहादूर, जुन्नरजवळच्या चावंडवर कैदेत. ट्रेकर्सनो, हो, तोच चावंड!

मियाँ मंजूने मदतीला अकबराचा मुलगा मुराद याला बोलावलं आणि मग स्वतःच घाबरला. मोगलांनी तट फोडला, चांदबिबीने खिंडार रातोरात बुजवलं. पुस्तकातलं तिचं तलवारवालं चित्र इथलंच. मला मात्र त्या पोराचंच जास्त वाटत राहतं. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना देऊन तिने बहादूरची गादी राखली. तिने वाढवलेल्या इब्राहिमनेही विजापूरहून सोहेलखानाला फौज देऊन पाठवलं. म्हणजे एका बालराजाला दुसऱ्या, आता मोठ्या झालेल्या बालराजाची मदत! १६०० मध्ये तिच्याच लोकांनी, ती मोगलांना फितूर झाली असं समजून, तिला मारलं. नगर पडलं, बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात. चावंडची कैद ते ग्वाल्हेरची कैद, मध्ये जेमतेम चार वर्षं राजेपण.

नगरजवळ ज्याला सगळे ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात, ती सलाबतखानाची कबर आहे. तिच्याशी खरा संबंध सांगणारा दगड हवा असेल तर सोलापूरच गाठा. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस आहेच. उन्हाळा टाळा, सकाळी लवकर किल्ला करा, मग कडक भाकरी न् शेंगाचटणी. एक दिवस जास्त काढता आला तर विजापूर तिथून शंभर किलोमीटरवर. इब्राहिम रोझा बघा. नऊ वर्षांचा तो मुलगा तिथे आहे.