धनको की ऋणको?

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही पांढुर्णा-सौसरचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे येथील वकिलाला घरी मराठी, तहसिलीच्या न्यायालयात हिंदी आणि जबलपूरच्या उच्च न्यायालयासाठी इंग्रजी, असे तीन घाटांचे पाणी प्यावे लागते.

उमेदवारीच्या काळात माझ्या हातून एक प्रमाद घडला. सौसरकडील एका वृद्ध संत्रा-बागाईतदाराने शेजाऱ्यास उसने पैसे दिले होते. त्याचे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत लिहिताना मी ‘लेंड’च्या जागी ‘बॉरो’ लिहून गेलो. सही घेण्यापूर्वी मजकूर मराठीत समजावून सांगू लागलो, तेव्हा म्हातारबा शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, पैसे म्याच देल्ले, अन् फेडाचेबी म्याच काय?”

एका क्रियापदाने मी धनकोचा ऋणको केला होता!

आपला ‘उसना’ शब्द दोघांचाही. दिशा ठरते ती पुढच्या ‘देणे’ वा ‘घेणे’ने. हिंदीतील ‘उधार’चेही तेच. इंग्रजीत मात्र देणारा ‘लेंड’ करतो, घेणारा ‘बॉरो’. ‘नाकारणे’ही असेच फसवे आहे: विधान खोटे म्हणणे ते ‘डिनाय’, मागणीस नकार देणे ते ‘रिफ्यूज’. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार वादपत्रातील जे विधान स्पष्टपणे नाकारले नाही, ते सामान्यतः मान्य धरले जाते. तेथे शब्द चुकला, तर शेत गमवावे लागेल ते पक्षकाराला, वकिलाला नव्हे.

शब्दकोश आजही माझ्या मेजावर असतो. परंतु पक्षकाराच्या बोलीत ऐकवल्यावाचून कोणत्याही इंग्रजी कागदावर मी त्याची सही घेत नाही.