चतुःसीमा

सेवानिवृत्तीला दोन वर्षे उरली तेव्हा कोठे स्वतःच्या घराचा विचार आमच्या मनात आला. भालकीचे वडिलोपार्जित घर भावांच्या वाटणीत गेलेले, मुले बीदरला शिकणारी. तेव्हा शोध सुरू झाला तो बीदरला लागून असलेल्या नौबादेत.

दलालाने सांगितलेला तपशील असा: जागा ३० बाय ४० फूट, म्हणजे १,२०० चौरस फूट, १,०८९ फुटांच्या गुंठ्याहून जरा अधिक. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरी, वर स्लॅब. जमिनीला शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादी फरशी, उन्हाळ्यात पाय ठेवताच सुख देणारी. मागची जुनी भिंत मात्र येथल्या तांबड्या जांभ्याची. गल्लीत दूधवाला कन्नड बोलतो, भाजीवाली दखनी, आणि भाव करताना दोघेही आमच्याशी मराठीवर येतात. घर सौभाग्यवतींना पसंत पडले. अडले ते कागदाशी.

कागदांशी आमच्या घराण्याचे जुनेच वैर आहे. आजोबांचे खरेदीखत निजामी अमदानीतले, उर्दूत. ते वाचून घ्यायला वडिलांना मुन्शी गाठावा लागे. १९५६ साली बीदर जिल्ह्याची फाळणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्याकडे गेले, आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. निम्मे आप्त तिकडे सात-बारा काढतात, आम्ही इकडे पहाणी. नवे खत अर्थातच कन्नडात. आम्ही ते अक्षर अक्षर लावून वाचले, आणि चतुःसीमेपाशी थांबलो. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस व उत्तरेस शेजाऱ्यांची घरे, पश्चिमेस ‘मोकळी जागा’.

त्या मोकळ्या जागेत, भिंतीपासून चार हातांवर, एक खोल आड होता. तोंडाशी झुडपे, आत प्लॅस्टिकच्या पिशव्या. दलाल म्हणाला, “बुजवून टाका साहेब, एक खोली वाढेल.” शेजारच्या वृद्ध बाई मात्र कुंपणापलीकडून म्हणाल्या, “सुरंग बावी आहे ती. बुजवू नका हो, मास्तर.”

बाई बरोबर होत्या. नौबादच्या पोटातून करेझ जाते, बहमनी काळात इराणी पद्धतीने खोदलेला भुयारी पाट. बीदरचे पठार म्हणजे काळ्या कातळावर बसलेला सच्छिद्र जांभा. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, कातळावर अडते आणि दोहोंच्या सांध्याने वाहू लागते. खोदणाऱ्यांनी हा सांधा हेरून मंद उताराचा बोगदा काढला. माती वर काढण्यासाठी आणि हवा खेळण्यासाठी जागोजागी उभे आड ठेवले. मोट नको, रहाट नको. पाणी आपल्याच वजनाने चालत येते. महमूद गवानच्या मदरशाकडे (१४७२) आपण मान वर करून पाहतो. त्याच राजवटीचे हे काम पायांखाली, म्हणून विस्मरणात गेले. वस्ती वाढली तसे यांतले किती आड घराखाली गाडले गेले! गाडणारे कोणी दुष्ट नव्हते. त्यांच्याही कागदावर ‘मोकळी जागा’च असणार.

आमचाही मोह अगदीच लहान नव्हता. धाकट्याच्या लग्नानंतर एक खोली लागणारच होती, आणि दलालाच्या हिशेबाने ती जवळजवळ फुकट होती. रात्री सौभाग्यवतींशी बोललो. त्यांनी एवढेच विचारले, “उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन कोण धावणार, तुम्ही की दलाल?”

खत नोंदविण्याच्या दिवशी आम्ही लेखनिकाला म्हणालो, पश्चिमेस ‘मोकळी जागा’ नको, ‘सुरंग बावी’ असे लिहा. त्याने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. असे कोणी लिहीत नाही, मालकाला विचारावे लागेल, मसुदा पुन्हा टंकावा लागेल, वेळ जाईल. आम्ही बाकावर बसून राहिलो. मालकाने खांदे उडवून होकार दिला. दुपारी तीनला नवा कागद आला. त्यात ‘सुरंग’चा अनुस्वार सुटला होता, तो शाळामास्तरी सवयीने आम्हीच दाखवून दिला आणि मग सही केली.