मक्याच्या शेतातले दोन पहारेकरी

मुलांनो, घरात नकाशांचं पुस्तक असेल तर आफ्रिकेचं पान काढा. विषुववृत्तावरच एक मोठा निळा ठिपका दिसतो ना? ते व्हिक्टोरिया सरोवर. म्हणायला सरोवर, पण काठावर उभं राहिलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही! त्याच्या केनियाच्या बाजूला म्बिटा नावाचं छोटं गाव आहे. (नाव मोठ्यानं म्हणून बघा. आधी ओठ मिटायचे, बरं का!) आज आपण तिथल्या एका शेतात जाऊ या.

इथलं मुख्य अन्न मका. मक्याचं पीठ घट्ट शिजवून गोळा करतात, त्याला म्हणतात उगाली. आपली भाकरी, तशी त्यांची उगाली. पण शेतं लहान, एखाद-दोन एकरांची, आणि शत्रू दोन. पहिला खोडकिडा. त्याची अळी ताटात शिरून आतूनच पोखरते. यातली एक जात तर आपल्या आशियातूनच तिकडे गेलेली! दुसरा शत्रू दिसायला सुंदर. जांभळ्या फुलांची स्ट्रायगा. ती मक्याच्या मुळांना चिकटून रस पिते. आपल्या ज्वारीतला टारफुला तिचाच भाऊबंद. गावाकडच्या आजोबांना विचारा, ते कपाळाला हात लावतील. तिच्या एका झाडाला हजारो बिया येतात, धुळीसारख्या बारीक, आणि मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतात.

केनियन कीटकशास्त्रज्ञ टॉमस ओधियाम्बो यांनी १९७० साली नैरोबीत कीटकांच्या अभ्यासाची संस्था उभी केली. म्बिटाला तिचं संशोधन केंद्र आहे. तिथं १९९० नंतरच्या दशकात भारतीय वंशाचे झियाउर खान आणि इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचे जॉन पिकेट यांनी एक शक्कल काढली. जमीन वाढवायची नाही, महागडी औषधं फवारायची नाहीत, तरी धान्य जास्त पिकवायचं.

आता शेताच्या बांधावर या. चहूबाजूंनी उंच हत्तीगवत, आपल्याकडे गाईम्हशींना घालतात तेच नेपिअर. खोडकिड्याच्या मादीला ते मक्यापेक्षाही आवडतं. ती तिथं अंडी घालते, पण अळी खोडात शिरली की गवतातून चिकट रस येतो आणि बहुतेक अळ्या त्यातच मरतात. आत मक्याच्या दोन ओळींमध्ये पसरलंय डेस्मोडियम, शेंगवर्गातलं झाड. त्याचा वास किड्यांना नकोसा होतो, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं. एक हाकलतो, दुसरा बोलावतो!

आणि मग एक गंमत झाली. डेस्मोडियम लावलं होतं किड्यांसाठी, पण त्या वाफ्यांत स्ट्रायगाही दिसेना. शोध घेतल्यावर कळलं, त्याच्या मुळांतून निघणारी द्रव्यं स्ट्रायगाच्या बियांना फसवतात. बी उगवतं, पण त्याला मक्याच्या मुळाला चिकटता येत नाही. उपाशीच मरतं बिचारं! शिवाय डेस्मोडियमच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात, आणि कापलेला पाला गाईला. हेक्टरी टनभर मका पिकायचा, तिथं साडेतीन टनांपर्यंत पिकल्याच्या नोंदी आहेत. पूर्व आफ्रिकेतल्या लाखाहून अधिक शेतकऱ्यांनी ही पद्धत उचलली.

सगळं सोपं मात्र नाही. डेस्मोडियमचं बी महाग, आणि पहिल्या हंगामात ते नाजूक असतं. तण हातानं, रोप ओळखून काढावं लागतं. ते काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येतं.

आणखी एक. अमेरिकेतली लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत पोचली, २०१८ मध्ये आपल्याकडेही. तिच्यावर प्रयोग करताना काही संशोधकांना वेगळंच दिसलं. २०२४ साली त्यांनी लिहिलं, की डेस्मोडियमचा वास तिला फारसा हाकलत नाही. उलट पानांवरच्या आकड्यासारख्या केसांत अळ्या अडकतात आणि मरतात. म्हणजे पहारेकरी हाकलतो, की पकडतो? यावर अजून वाद चालू आहे. ते केस शेतात फिरणाऱ्याच्या बाहीलाही चिकटतात, एवढं मात्र नक्की.