सतरा जुलैचे विस्मरण

अंबरपेठ, हैदराबाद
17 जुलै

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हैदराबाद संस्थान 1857 च्या उठावापासून अलिप्त राहिले, या विधानाविषयी तुला आलेली शंका रास्त आहे. दरबार इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला, शहर राहिले नाही. अंबरपेठेपासून जवळच, कोठीतील रेसिडेन्सीवर, म्हणजे निजामाच्या दरबारी नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीच्या वाड्यावर, 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पाचशे रोहिले व नागरिक चालून गेले होते.

या हल्ल्याची मुळे मराठी मुलखात आहेत, ही गोष्ट मराठी वाचकांनाही क्वचितच सांगितली जाते. हैदराबाद कंटिंजंट, अर्थात खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा अशी फौज, हिच्या खर्चापोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. त्याच फौजेच्या औरंगाबादेतील घोडदळाने जून 1857 मध्ये बंड केले, आणि बुलढाण्याहून निघून हैदराबादेत पोहोचलेल्या जमादार चिद्दा खानास दिवाण सालारजंगांनी पकडून रेसिडेन्सीच्या हवाली केले, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी शहर खवळले. दिवाणांनी आधीच सूचना दिल्यामुळे रेसिडेन्सी सज्ज होती आणि हल्ला फसला.

मौलवींची रवानगी अंदमानात झाली. तुर्रेबाज खान कैदेतून निसटला, पण 1859 मध्ये तूप्रानजवळ मारला गेला आणि त्याचे प्रेत शहरात टांगण्यात आले. दुसरीकडे 1860 च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले, शिवाय सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. ज्या दरबाराला निष्ठेचे इतके मोल मिळाले, त्याने हल्लेखोरांची स्मृती जपली नाही, यात नवल नाही. खरे दुःख आहे ते नंतरच्या विस्मरणाचे. हैदराबादी मराठी घरांत 17 सप्टेंबर 1948, म्हणजे संस्थान भारतात आले तो दिवस, अभिमानाने सांगितला जातो, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्यामुळे तो अभिमान सार्थही आहे. परंतु निजामाविरुद्धचा लढा एवढीच चौकट मानली, तर निजामाच्या पाठीराख्या इंग्रजांवर धावून गेलेले रोहिले तिच्यात बसत नाहीत आणि वगळले जातात.

या हल्ल्याने स्वातंत्र्य जवळ आले, असा दावा करण्याची गरज नाही. राजाची निष्ठा म्हणजे प्रजेची निष्ठा नव्हे, हे मात्र त्याने तेव्हाच दाखवून दिले. कोठीत आज स्मारक आहे आणि तुर्रेबाज खानाच्या नावाचा रस्ताही आहे. शाळांत हा इतिहास शिकवताना त्या नावाशेजारी बुलढाणा व औरंगाबाद ही नावेही यायला हवीत, आणि तुझ्या प्रबंधात ती निश्चित यावीत.

कळावे, लोभ असावा.

तुझा मामा