कड्याची फटफटी आणि उसाचे पेट्रोल

अहिल्यानगरहून चिचोंडी पाटील, धानोरा मागे टाकीत कड्याला जाणे म्हणजे १९४७ पर्यंत इंग्रजांचा मुलूख सोडून निजामाच्या मुलखात शिरणे होते. आज त्या सरहद्दीची आठवण फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी या ६६ किलोमीटरांच्या लोहमार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली आणि कड्याला आगगाडी आली. १७ सप्टेंबर २०२५ ला ती बीडपर्यंत पोचली. तरीही या कोरडवाहू मुलखातल्या माणसाचे हक्काचे वाहन म्हणजे फटफटीच! पहाटे तिच्यावर दुधाचे कॅन लटकतात, दुपारी खताची गोणी बसते, आणि संध्याकाळी घरचा तरणाताठा मुलगा.

या तरण्याताठ्याचा पहिला हट्ट असतो मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचा. पूर्वी तो पुरवणे सोपे होते. मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा वळसा फिरवी, कान देऊन एंजिनाचा आवाज ऐकी आणि हात पुसून मोकळा होई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले. आता बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचे ते एक छोटा संगणक ठरवतो. त्याला स्क्रू नाही आणि मिस्त्रीचा कानही त्याला कळत नाही.

म्हणून बाजारात आणखी एक पेटी आली. बंगळूरची पॉवरट्रॉनिक किंवा अमेरिकेची पॉवर कमांडर ही तिची नावे. गाडीचा संगणक आणि पेट्रोलची पिचकारी यांच्यामध्ये ती बसते. तिच्यात लॅपटॉपवरून जो 'नकाशा' भरायचा, तो दिसायला पाढ्यांच्या तक्त्यासारखा असतो. एका बाजूला एंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला मूठ किती पिळली ते. चार हजार फेरे आणि निम्मी मूठ या घरात ५ लिहिले, तर तिथे कंपनीच्या मापापेक्षा शेकडा पाच पेट्रोल जास्त.

नकाशा भरण्याचे काम तसे दहा मिनिटांचे. पण त्याला शिस्त हवी. बॅटरी भरलेली असावी. पेटीतला जुना नकाशा आधी लॅपटॉपवर उतरवून ठेवावा. नवा नकाशा जात असताना तार ओढू नये. नंतर मूठ पूर्ण सोडून आणि पूर्ण पिळून पेटीला तिची दोन टोके ओळखू द्यावीत. हे झाले की थोडे अंतर गाडी चालवून पाहावी. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही, हेही लक्षात ठेवावे.

खरा घोटाळा असतो उसन्या नकाशाचा. मित्राने फोनवर पाठवलेला नकाशा त्याच्या गाडीच्या सायलेन्सरसाठी असतो. तो आपल्या गाडीत पेट्रोल कमी पाडू लागला, तर एंजिन भलतेच तापते आणि पिस्टनवर येते. जास्त पाजू लागला, तर प्लग काळा पडतो आणि टाकी लवकर रिकामी होते. उंचीवरची विरळ हवा आणि उन्हाचा ताप कंपनीचा संगणक आपल्या सेन्सरांवरून ओळखतो. संथ चालीत तो थोडीफार चूक सावरूनही घेतो. मूठ पूर्ण पिळली, की मात्र सारी भिस्त तक्त्यावर!

आणि हल्ली पेट्रोलच बदलले आहे. २०२५ मध्ये देशभर शेकडा वीस इथेनॉलचे पेट्रोल सुरू झाले. एक भाग निव्वळ पेट्रोल जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे हवा तेवढीच असेल, तर पेट्रोल थोडे जास्त सोडावे लागते. परदेशातल्या किंवा जुन्या पेट्रोलवर बेतलेला नकाशा इथे अपुरा पडतो, तो यामुळे.

हे इथेनॉल धान्यापासून होते, तसे उसापासूनही होते. दसरा-दिवाळी झाली, की बीड जिल्ह्यातली जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसपट्ट्याकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांनी तोडलेला ऊस काही अंशी पेट्रोलपंपावरून त्यांच्याच गाडीच्या टाकीत परत येतो. ज्या घरात एंजिनाची दुरुस्ती पुढच्या हंगामाच्या उचलीतून करावी लागते, त्या घरच्या मुलाने नकाशा भरण्यापूर्वी एवढेच विचारावे: हा कोणत्या गाडीचा, कोणत्या सायलेन्सरचा आणि कोणत्या पेट्रोलचा? तिन्ही उत्तरे मिळाली नाहीत, तर कंपनीचा तक्ताच बरा. पहाटेचे दूध तरी वेळेवर पोचेल.